अकरावा दगड

१

दगड फोडला आहे हे सगळ्यांत आधी मुक्ताच्या धाकट्या भावाला, सोपानला दिसलं. चढणीवर तो सगळ्यांच्या पुढे होता. वरून त्याची हाक आली, "अक्का, लवकर ये! आबांचा दगड फोडलाय कुणीतरी!"

मुक्ताने पदर खोचला आणि उरलेली चढण जवळजवळ धावतच गाठली. वर नगरमाळ पसरला होता. मळवली स्टेशनापासून दीड कोसावर, विसापूर किल्ल्याच्या पाठीला हा माळ. इथे कोणे एके काळी मोठं शहर नांदत होतं असं आसपासच्या वाड्यांतली माणसं सांगत. आता घरांची जोती, कोरडी टाकी आणि गवतात हरवलेली फरसबंद वाट एवढंच उरलं होतं. माळाच्या मधोमध एक रिकामा चौथरा, आणि त्याच्याभोवती पुरुषभर उंचीचे चौदा दगड गोल उभे.

त्यांतल्या एकाला तोंड उरलं नव्हतं. घणाचे घाव घालून कुणीतरी त्याचा दर्शनी भाग पार उडवला होता. पायाशी कपच्यांचा ढीग पडला होता, आणि आतला निळसर काळा दगड मार्गशीर्षाच्या उन्हात ओला असल्यासारखा चमकत होता.

आबांच्या वहीतली ओळ मुक्ताला पाठ होती : 'चौथऱ्याभोवती चौदा दगड. पायऱ्यांपासून निघून प्रदक्षिणेत अकरावा, त्यावर लेख, ओळी सात.' तिने पायऱ्यांपासून मनातल्या मनात मोजायला सुरुवात केली. चौथरा उजव्या हाताला ठेवून एक, दोन, तीन. दहा झाले तेव्हा चौथऱ्याच्या पोटातून बाहेर निघालेली एक दगडी पन्हळ आडवी आली. ती ओलांडून तिने पुढच्या दगडावर हात ठेवला. अकरा. हाताखाली फुटकी खडबडीत जखम लागली.

मागून धापा टाकत कोंडाजीराव आले. हे लोणावळ्याचे जुने वकील आणि वाचनालयाचे अध्यक्ष. नगरमाळावर त्यांनी एक पुस्तिका छापली होती, आणि गावातल्या प्रत्येक समारंभात मुलांना बक्षीस म्हणून तीच मिळत असे. त्यांनी टोपी काढली. "अरेरे! हजार वर्षं टिकलं, आणि आपण बघायला आलो तर हे असं!"

सगळ्यांत शेवटी इकबाल वर आला. बाजारपेठेतल्या दुकानांच्या पाट्या रंगवणारा हा तरुण, आबांचा विद्यार्थी, शेवटची आठ वर्षं त्यांचा उजवा हात. खांद्यावर कागदाची गुंडाळी, हातात शाईचा डबा आणि राठ केसांचा मोठा ब्रश.

"हाच ना रे तो?" मुक्ताने विचारलं.

इकबालने फोडलेल्या दगडाकडे पाहिलं, मग मुक्ताकडे पाहिलं. मग सामान उचलून तो पायऱ्यांपाशी परत गेला आणि तिथल्या दगडाला पाठ टेकून खाली बसला.

आठ वर्षं ज्याच्यासाठी त्याने रविवार म्हणून पाहिला नाही, तो दगड धुळीला मिळाला होता. आणि त्याच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता.

मुक्ताच्या मनात पाल चुकचुकली.

२

दत्तोबा मास्तर, म्हणजे आबा, भाद्रपदात गेले. मुक्ता त्यांची थोरली मुलगी, लोणावळ्यात मुलींच्या शाळेत शिक्षिका. लग्नानंतर दोन वर्षांतच कपाळ पांढरं झालं आणि ती आबांकडे परत आली, त्याला बारा वर्षं झाली होती. बारा वर्षं तिने त्यांचं दुखलंखुपलं पाहिलं, त्यांच्या टिपणांच्या स्वच्छ प्रती केल्या. पण नगरमाळावर त्यांनी तिला एकदाही आणलं नाही. तिने दोनदा विचारलं होतं. "चढण फार आहे," एवढंच ते म्हणाले. दर रविवारी पहाटेच्या गाडीने त्यांच्याबरोबर मळवलीला जायचा तो इकबाल. संध्याकाळी दोघं काळ्या हातांनी परतत, ओसरीवर बसून हसत, आणि ती चहा घेऊन गेली की हसणं थांबे.

शेवटच्या तापात ती रात्रंदिवस उशाशी होती. आबांनी डोळे उघडून विचारलं, "इकबाल आला का?"

हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय? पण ते तीन शब्द छातीत कुसळासारखे रुतून बसले होते.

ओला कागद दगडावर थोपटून आबांना त्या लेखाचा एकच धड ठसा मिळाला होता. सातांपैकी तीन ओळी वाचून झाल्या आणि ते अंथरुणाला खिळले. त्या पावसाळ्यात लोणावळ्याच्या ओलीने ठशाला बुरशी लागली आणि कागदाचा लगदा झाला. पुण्याच्या एका संशोधक मंडळाचं पत्र आलं होतं : लेखाचा नवा ठसा, एका जबाबदार गृहस्थाच्या साक्षीनिशी, महिनाअखेर पाठवावा; तसं झाल्यास शोध कैलासवासी दत्तोबा मास्तरांच्या नावे नोंदवू. साक्षीला म्हणून कोंडाजीराव आले होते, ठसा घ्यायला इकबाल. त्याच्याशिवाय चाललं असतं तर मुक्ताने त्याला बोलावलं नसतं.

आता दगडच नव्हता. आबांचं आयुष्यभराचं एकच मोठं काम, आणि ते झालं होतं हे सांगायला जगात काही उरलं नव्हतं.

माळाखालच्या वाडीतली धोंडाबाई भाकऱ्यांची टोपली घेऊन वर आली. ती दर आठवड्याला चौथरा झाडायची.

"मावशी, हा दगड कधी फुटला?"

"सोमवारी झाडलं तवा धडधाकट हुता की गं! अगं बया, कुनी केलं ह्ये?" तिने टोपली खाली ठेवली. "गुरवारी दुपारच्या पारी घनाचा आवाज आलता. आमाला वाटलं, पाथरवट आल्याती जात्याचा दगूड काढाया."

"माणूस दिसला?"

"लांबनं, पाठमोरा. डोईला मुंडासं. तेवड्यावर कोन वळखतंय?"

गुरुवार. मुक्ता विचार करू लागली. चौदांतला नेमका कोणता दगड, हे त्या वहीत होतं, दुसरीकडे कुठेच नव्हतं. वही तिच्या ट्रंकेत असायची. सोपान त्याच घरात राहत होता. कोंडाजीरावांनी गेल्या रविवारी ती पाहायला म्हणून नेली आणि शुक्रवारी जशीच्या तशी परत केली होती. "वेळच झाला नाही हो," ते म्हणाले होते, "फडक्याची गाठसुद्धा सोडली नाही. म्हटलं, आता प्रत्यक्ष दगडच पाहू." आणि इकबाल? त्याला वहीची गरजच नव्हती.

तिची नजर पुन्हा पायऱ्यांकडे गेली. इकबाल तिच्याकडेच पाहत होता. तिने पाहताच त्याने मान खाली घातली.

३

"माझ्यावर संशय घेतेस?" सोपान कोरडं हसला. तो खोपोलीच्या वीजघरात कामाला होता, आणि आबांचं नि त्याचं कधी पटलं नव्हतं. "घे. मला त्या दगडाचं कौतुक नव्हतंच कधी."

"वही वाचली होतीस?"

"वाचली. तेराव्याच्या रात्री. ट्रंकेची किल्ली तू देव्हाऱ्यात ठेवतेस हे घरातल्या मांजरालासुद्धा माहीत आहे. म्हटलं बघू, आम्हाला सोडून आबा कशात एवढे रमले होते."

"मग?"

"मग काय? दगड, ओळी, इकबाल. इकबाल, ओळी, दगड. तुझं नाव नाही, माझं नाही." त्याने गवताची काडी मोडली. "मी इथे एकदाच आलोय अक्का, सात वर्षांचा असताना. त्या पन्हळीवरून उडी मारली, तर आबांनी अशी मुस्काटात ठेवून दिली की दोन दिवस कानात घंटा वाजत होती. 'ओलांडायचं नाही!' का नाही, ते सांगितलं नाही. मास्तर ना! उत्तर आपण शोधायचं."

"वेड्या, राजाच्या न्हाणीघराची मोरी आहे ती. पुस्तिकेत लिहिलंय की."

"असेल. मला गाल आठवतो." तो उठला आणि पाण्याचा हंडा आणायला निघाला. पन्हळीपाशी आल्यावर माळावर एवढी मोकळी जागा असताना तो मागे वळला आणि पूर्ण चौथऱ्याला वळसा घालून पलीकडे गेला.

जेवायला सगळे पायऱ्यांपाशी बसले. तांदळाची भाकरी, पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा. इकबाल आपल्या दगडापासून हलला नाही. धोंडाबाईने त्याचं पान तिथेच नेऊन दिलं. कोंडाजीरावांनी डब्यातून चमचा काढला आणि नुसतं पिठलं खाऊ लागले.

"वकीलसाहेब," सोपान म्हणाला, "अख्ख्या लोणावळ्यात तुमच्या ठेचा खाण्याची ख्याती. चार बोटांनी चाटूनपुसून खाणारे तुम्ही. आज चमचा?"

"पित्त झालंय हो."

"चमच्यानं भाकर कशी तुटंल वं बाबा?" धोंडाबाई म्हणाली. "आमच्यात आजाऱ्यालाच अशी पेज पाजत्याती."

जेवण झाल्यावर कोंडाजीराव मुक्ताच्या जवळ सरकले. "मुक्ताबाई, मी वकील माणूस, उगीच बोलत नाही. पण ज्याचं जातं त्याचंच जळतं. मास्तर होते तोवर हा त्यांचा मुलगा होता. ते गेले, शोध तुमच्या घरी आला, आणि हा पुन्हा पाट्या रंगवणारा झाला. आणि शेवटी हे दगड त्याचे थोडेच आहेत?"

शेवटचं वाक्य घाणेरडं होतं हे मुक्ताला कळलं. पण त्याआधीची वाक्यं गोड लागली. गोड लागली याची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा गोडी जास्त होती. ती उठली आणि सरळ इकबालसमोर जाऊन उभी राहिली.

"गुरुवारी दुपारी कुठे होतास?"

"खंडाळ्याला. एका बंगल्याची पाटी रंगवत होतो."

"कुणी पाहिलं?"

"मालक मुंबईला, माळी गावाला. कुणी नाही."

"दगड फुटला त्याचं तुला काही वाटत नाही?"

"काय वाटायला हवं, ताई?"

त्या शांत आवाजाने तिचा तोल गेला. "आबांचा मुलगा व्हायला निघाला होतास ना! ते गेले, आणि हा दगड आमचा झाला तो तुला सोसला नाही. तुला नाही तर कुणालाच नाही. तूच फोडलास!"

"अक्का!" सोपान ओरडला.

इकबालचा चेहरा राखेसारखा झाला. मग तो उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तुम्हाला तसं म्हणायचं असेल तर म्हणा. मी नाही म्हणणार नाही."

४

कोंडाजीरावांनी सुस्कारा टाकला. "झालं. आता काय उरलं?"

मुक्ता जिंकली होती. पण जिंकल्यासारखं वाटेना. निरपराध माणूस चिडतो, अपराधी त्याहून चिडतो. हा तिसराच प्रकार होता. फाशीची शिक्षा दुसऱ्याच्या वतीने ऐकून घेणाऱ्या माणसासारखा तो उभा होता.

"असं वंगाळ बोलू ने बाय देवाच्या ठाण्यावर," धोंडाबाई पुटपुटली. तिने तांब्या भरला, टोपलीतून चार बेलाची पानं काढली आणि पायऱ्यांपासून पाणी शिंपडत निघाली. मुक्ता नुसती बघत राहिली. म्हातारी एकेका दगडापाशी थांबे, पाणी शिंपडे, पुढे जाई. दहावा दगड झाला. पन्हळ आली. धोंडाबाई थांबली, पन्हळीला हात लावून तिने तो डोळ्यांना लावला, आणि उलटी फिरली. आल्या वाटेने पुन्हा पायऱ्यांपाशी आली, आणि मग दुसऱ्या बाजूच्या, अजून राहिलेल्या दगडांवर पाणी शिंपडू लागली.

"मावशी, मोरीवरून का नाही गेलीस? केवढा फेरा पडला."

"मोरी?" धोंडाबाईला हसू आलं. "कुनी सांगितलं मोरी? म्हादेवाच्या पिंडीवरचं पानी जायाचं हितनं. पिंड कुनी नेली, कवा नेली, आमाला बी ठावं न्हाई. पर आमच्या आज्या-पंज्या हितं सोमवारीच झाडीत आल्या. म्हादेवाची पनाळ वलांडत्यात व्हय कुनी? पार जाऊन माघारी फिरायचं. शिकल्यालं माणूस तू, येवडं बी म्हाईत न्हाई?"

मुक्ताला माहीत होतं. लहानपणी आबांचं बोट धरून ती महादेवाच्या देवळात अशीच अर्धी जाऊन परत फिरली होती. सोमसूत्री प्रदक्षिणा. पण इथे पिंड नव्हती, नंदी नव्हता, आणि हातात होती ती वकीलसाहेबांची पुस्तिका.

'प्रदक्षिणेत अकरावा.' आबा इथे चालत मोजत होते. ते ही पन्हळ ओलांडतील? सात वर्षांच्या पोराला त्यापायी ज्यांनी मुस्काटात मारली, ते?

ती पायऱ्यांपाशी गेली आणि धोंडाबाईसारखी चालू लागली. दहा. पन्हळ. माघारी. पायऱ्या. आणि पायऱ्यांच्या दुसऱ्या अंगाला पहिलाच दगड.

अकरा.

त्याला पाठ लावून इकबाल बसला होता.

५

ती त्याच्याजवळ खाली बसली. बाकीचे पलीकडे चौथऱ्याच्या सावलीत होते.

"तू सकाळपासून इथून हलला नाहीस," ती हलक्या आवाजात म्हणाली. "जेवलासही इथेच. तुझ्या पाठीमागे आहे तो, ना?"

इकबालने चटकन पलीकडे पाहिलं. "हळू बोला, ताई."

"पण या दगडावर तर काहीच दिसत नाही."

"ठसा घेऊन झाला की मास्तर अक्षरांवर शेणमाती लिंपायचे. गुराखी विळे घासतात म्हणून. वरून शेवाळ धरलं. माहीत नसलं तर हात लावूनही कळणार नाही."

"म्हणून तू रडला नाहीस. दगड शाबूत होता." ती थांबली. "मग सगळ्यांसमोर मी एवढं बोलले, तेव्हा का नाही सांगितलंस? खोटा आळ का घेतलास?"

त्याने ब्रशचे राठ केस बोटांनी सरळ केले.

"बोल ना."

"फोडणाऱ्याने वहीवरून मोजलं होतं. वही तुमच्या ट्रंकेत." त्याने शब्द एकेक करून काढले. "तेराव्याला स्वयंपाकघरात तुम्ही म्हणालात, त्या दगडाचे तुकडे झाले तर मी सुटले. मी दारात होतो. तुम्हाला दिसलो नाही. आज तो फुटका दगड बघितला आणि मला वाटलं, ताईंनीच..."

मुक्ता खरंच तसं म्हणाली होती. शब्दन् शब्द.

"आणि मला वाचवायला तू..."

"तुमच्यासाठी नाही," इकबाल म्हणाला. "मास्तरांच्या घरातलं माणूस मास्तरांचा दगड फोडतं, हे लोकांत जायला नको होतं. तुम्ही मला कधी चहासुद्धा नीट दिला नाहीत, ताई. तुमच्यासाठी कशाला करीन?"

ती हे ऐकून रागावली असती तर सोपं झालं असतं. पण ते खरं होतं. तो तिला चोर समजला आणि ती त्याला; दोघांनीही एकाच माणसापायी.

"मी नाही फोडला, इकबाल."

"आता कळतंय. तुम्ही फोडला असता तर हा अकरावा शोधत आला नसता."

मुक्ता उठली. तिचं डोकं आता स्वच्छ चालत होतं. ज्याने घण घातला त्याने वही वाचली होती. त्याने खरा लेख कधी पाहिला नव्हता; अक्षरं शेवाळाखाली असतील असं समजून त्याने कोऱ्याच दगडावर घाव घातले होते. आणि पन्हळ ओलांडताना त्याच्या मनात जराही किंतु आला नव्हता.

असा माणूस एकच होता. आणि तो या क्षणी परतीच्या गाडीची वेळ विचारत होता.

६

"वकीलसाहेब, थोडं थांबा," मुक्ता म्हणाली. "ठसा घ्यायचा आहे."

"कशाचा?" कोंडाजीराव हसले. "कपच्यांचा?"

तिने इकबालला खूण केली. त्याने तांब्यातलं पाणी पायऱ्यांजवळच्या दगडावर ओतलं आणि ब्रशने घासायला सुरुवात केली. शेवाळ सुटलं, शेणमातीचे पोपडे गळाले. खालून एक रेघ दिसली, मग एक वळण, मग अख्खी ओळ. सोपान पुढे धावला. धोंडाबाईने हात जोडले.

कोंडाजीराव दोन पावलं पुढे आले. त्यांचा आवाज चिरका झाला. "हा? हा कसा असेल? हा तर चौदावा! अकरावा म्हणजे तो, पन्हळीच्या पली..."

ते थांबले. पण उशीर झाला होता.

"कोण म्हणालं अकरावा?" मुक्ताने विचारलं. "सकाळपासून हा आकडा मी कुणापाशी उच्चारला नाही. तो वहीत आहे. आणि वहीची तुम्ही गाठही सोडली नव्हती."

"सोपानरावांनी सांगितला असेल..."

"सोपानने वही वाचली होती. पण तो ही पन्हळ ओलांडून मोजणार नाही. पाण्याला जातानासुद्धा त्याने वळसा घातला. इकबालला मोजायची गरज नाही. मी आज ओलांडली, कारण तुमची पुस्तिका वाचून आले होते. ही न्हाणीघराची मोरी आहे असं मानणारी आपल्यात दोनच माणसं, साहेब. मी, आणि ते छापणारे तुम्ही."

"हा पुरावा नाही!"

"नसेल. हात दाखवता?"

कोंडाजीराव जागचे हलले नाहीत. सोपानने त्यांचं मनगट धरून तळवा उलटा केला. बोटांच्या मुळाशी फुटलेले फोड होते, लालभडक. आयुष्यात घण न धरलेल्या हाताचे फोड.

"म्हंजी मिरची झोंबत हुती व्हय," धोंडाबाई म्हणाली.

सोपानने दुसरा हात उगारला. "नको," मुक्ता म्हणाली. तिने वकीलसाहेबांना विचारलं, "का?"

ते पायरीवर बसले. टोपी त्यांच्या हातात चुरगळली होती. "तीस वर्षं येतोय मी या माळावर. पुस्तिकेत छापलंय, इथे एकही लेख नाही, मी इंच न् इंच पाहिला आहे. आणि एक व्हर्नाक्युलर शाळेचा मास्तर, रविवारच्या रविवार येणारा, पाट्या रंगवणाऱ्याला हाताशी धरून..." त्यांनी धुतलेल्या दगडाकडे पाहिलं. "तो लेख मला का दिसला नाही? मला का नाही?"

मुक्ताला त्यांची किळस यायला हवी होती. पण हा प्रश्न तिच्या इतक्या ओळखीचा होता की ती क्षणभर त्यांच्याकडे पाहू शकली नाही. बारा वर्षं ती ओसरीच्या दाराआड उभी राहून हेच विचारत होती. तिच्या हातात घण नव्हता, एवढाच फरक.

"पोलिसांत देऊ या अक्का," सोपान म्हणाला.

"मग साक्षीला कोण? महिना संपायला चार दिवस राहिलेत." ती कोंडाजीरावांकडे वळली. "तुम्ही ठसा वाळेपर्यंत इथे बसायचं. मग सही करायची, की हा लेख दत्तोबा मास्तरांनी शोधला आणि ठसा माझ्यादेखत घेतला. त्यानंतर गाडीला जा. त्या फुटक्या दगडाबद्दल धोंडाबाई काय सांगतील ते त्यांच्या वाडीला सांगतील. मी त्यांचं तोंड धरणार नाही."

"सांगनार तर!" धोंडाबाई म्हणाली. "आनि सायेब, आमच्या नथूच्या बैलगाडीत बसायचं न्हाई. स्टेशनापत्तुर चालत जायाचं."

कोंडाजीराव फोड आलेले हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

इकबालने ओला कागद दगडावर पसरला, हाताने सुरकुत्या काढल्या. मग ब्रश मुक्तापुढे धरला.

"मला येत नाही," ती म्हणाली.

"मलाही येत नव्हतं."

तिने ब्रश घेतला आणि कागदावर मारला. एक कोपरा फाटला. ती मागे सरली. इकबालने दुसरा तुकडा भिजवून तिथे चिकटवला.

"एवढ्या जोराने नाही, ताई. मास्तर म्हणायचे, झोपत आलेल्या लेकराला थोपटतात तसं. दगडाला कळलं नाही पाहिजे."

हे वाक्य तिने कधी ऐकलं नव्हतं. बारा वर्षं एका घरात राहून नव्हतं ऐकलं. ती जुनी कळ पुन्हा उठली, पहिल्याइतकीच तीक्ष्ण. आबांच्या तोंडचे असे किती शब्द या परक्या माणसाजवळ जमा असतील? हेवा गेला नव्हता. तो जाईल असं तिला वाटतही नव्हतं.

ती थोपटू लागली. ओला कागद हळूहळू दगडात उतरला आणि पहिल्या ओळीचं पहिलं अक्षर कागदात खोलगट उमटलं. तिने हात थांबवला नाही, मान वर केली नाही.

"आणखी काय म्हणायचे?" तिने विचारलं.

इकबाल कागदाचा दुसरा कोपरा धरून बसला आणि सांगू लागला.